माळव्यातील दुनळी बंदुका : मूळ रूप आणि नवी झळाळी

धार आणि देवास येथील पवारांच्या राज्यांबरोबर अठराव्या शतकात जी मराठी घराणी माळव्यात स्थिरावली, त्यांच्या घरांत देव्हारा, दप्तर आणि हत्यारे या तीन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या गेल्या. देव्हाऱ्याविषयी आपण श्रद्धेने बोलतो, दप्तराविषयी अलीकडे जिज्ञासेने बोलू लागलो आहोत. हत्यारांचा विषय निघाला की मात्र आपली लेखणी तलवार, भाला आणि पट्टा यांच्यापाशी थांबते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच घरांत आलेली बारा बोअरची दुनळी बंदूक ही जणू इतिहासाच्या कक्षेबाहेरची वस्तू आहे, असे आपण धरून चालतो. वास्तविक तलवारीवर सहसा काहीच लिहिलेले नसते. तिचा काळ आणि घडणारा हात हे अंदाजानेच ठरवावे लागतात. बंदुकीवर कारखान्याचे नाव, क्रमांक, परीक्षेचे ठसे, पोलादाची जात हे सारे कोरलेले असते. अशी बोलकी वस्तू घरात असता ती वाचण्याची कला आपण शिकू नये, हे खेदजनक आहे.

या लेखाचा विषय त्या कलेचा एक भाग आहे. जुनी दुनळी बंदूक कारखान्यातून जशी बाहेर पडली तशीच आहे, की मागाहून कोणी तिला घासून, रंगवून, नवे रूप दिले आहे, हे कसे ओळखावे? मी उदाहरणे मुख्यतः अमेरिकन बंदुकांची घेणार आहे. त्यांची संख्या आपल्याकडे इंग्रजी बंदुकांच्या मानाने थोडी. परंतु त्यांच्या कारखान्यांच्या नोंदी मोठ्या प्रमाणावर शिल्लक आहेत आणि तेथील संग्राहकांनी मूळ आणि नवे यांतील भेदाचा जितका बारकाईने अभ्यास केला आहे, तितका क्वचितच कोणी केला असेल.

आरंभी थोडी पार्श्वभूमी. १८५७ च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी धारच्या किल्ल्याला वेढा घातला, संस्थान जप्त झाले आणि १८६० मध्ये ते बैरसिया परगणा वगळून परत मिळाले. पुढे १८७८ चा शस्त्र कायदा आला. तो ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता; संस्थानांच्या हद्दीत दरबाराचा हुकूम चाले. देवासला तर थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदत होती, म्हणून हुकूमही दोन. १९४८ मध्ये मध्य भारत संघ झाला, १९५६ मध्ये आजचे मध्य प्रदेश राज्य झाले आणि १९५९ चा नवा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. म्हणजे आजोबांनी दरबारच्या परवानगीने घेतलेल्या बंदुकीची नोंद नातवाच्या हाती येईपर्यंत तीन-चार राजवटींच्या वह्यांतून उतरली आहे. नकलेवरून नक्कल होत गेली की काय होते, हे दप्तरात आयुष्य घालविलेल्यांना वेगळे सांगावयास नको.

माझ्या शासकीय सेवेत काही वर्षे शस्त्र परवान्यांचे काम माझ्याकडे होते. परवान्याच्या नोंदवहीत 'मेक' नावाचा एक रकाना असतो. त्यात बंदुकीच्या कारखान्याचे नाव लिहावयाचे. कारकुनाने बंदूक हाती घ्यावी, नळ्यांवर जे अक्षर दिसेल ते उतरवावे, असा परिपाठ. त्यामुळे 'डमास्कस' नावाची एक कंपनी आमच्या वह्यांतून दीर्घकाळ भरभराटीत होती. डमास्कस ही कंपनी नव्हे, नळी घडविण्याची पद्धत होय. एका नोंदीत तर 'नॉट फॉर बॉल' हे कारखान्याचे नाव म्हणून विराजमान झालेले मी पाहिले. इंग्लंडच्या परीक्षागृहाने १८७५ ते १८८७ या काळात, तोंडाशी आकसलेल्या नळीवर उमटविलेली ती सूचना आहे : या नळीतून गोळी मारू नये, छर्रेच मारावेत. कारकुनाला हसावयाचे कारण नाही. त्याने जे दिसले ते प्रामाणिकपणे उतरविले आणि त्याच्या प्रामाणिकपणामुळेच आज मला त्या बंदुकीचा काळ बारा वर्षांच्या आत निश्चित करता येतो.

नाव वाचताना दुसरीही एक सावधगिरी हवी. कलकत्त्याचे मँटन, रॉडा, लायन अँड लायन हे मोठे व्यापारी होते. (१९१४ च्या ऑगस्टमध्ये क्रांतिकारकांनी ज्यांची माउझर पिस्तुले पळविली, तेच हे रॉडा.) बर्मिंगहॅममध्ये तयार झालेल्या बंदुका हे व्यापारी आपले नाव घालून विकत. म्हणून दोन नळ्यांमधील पट्टीवर जे नाव आहे ते पुष्कळदा विक्रेत्याचे असते, घडविणाऱ्याचे नसते. बेल्जियममधील लिएज येथून तर सुप्रसिद्ध नावांशी मिळतीजुळती नावे घालून स्वस्त बंदुका जगभर जात. 'वेस्टली रिचर्ड्‌स' हे नामांकित इंग्रजी घराणे, नुसते 'डब्ल्यू. रिचर्ड्‌स' दिसले तर नळ्या उलट्या करून खालच्या बाजूस अंडाकृतीत 'ई एल जी' ही अक्षरे आहेत का ते पाहावे. ती असली तर बंदूक लिएजची. 'टी. बार्कर' हे नाव झिजले की 'पार्कर' वाचले जाते, हाही तसाच प्रकार.

आता अमेरिकन बंदुकांकडे वळू. आपल्या पिढीतील ज्यांनी कचेरीत टंकलेखन केले, त्यांना त्यांतील दोन नावे अपरिचित नाहीत. रेमिंग्टन कंपनी मूळची बंदुकांची. १८७३ पासून ती टंकलेखन यंत्रे बनवू लागली. आणि स्मिथ-कोरोना यंत्रातले 'स्मिथ' म्हणजे लायमन कॉर्नेलियस स्मिथ व त्यांचे बंधू. या लायमन स्मिथांनी न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे 'एल. सी. स्मिथ' या नावाची उत्तम दुनळी बंदूक काढली आणि नंतर तो व्यवसाय फुल्टन येथील हंटर बंधूंना विकून ते यंत्रांकडे वळले. बंदूक मात्र त्यांच्याच नावाने पुढेही निघत राहिली. कनेक्टिकटमधील मेरिडन गावचे पार्कर बंधू हे सर्वांत प्रतिष्ठित. १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्यांच्या नावाने सुमारे २ लाख ४२ हजार बंदुका निघाल्या. १९३४ मध्ये रेमिंग्टनने तो कारखाना विकत घेतला. फिलाडेल्फियाचे ए. एच. फॉक्स, न्यूयॉर्क राज्यातील इथाका, लिफीव्हर आणि १९३० च्या दशकातील विंचेस्टरची 'मॉडेल २१' ही आणखी काही नावे. थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत शिकारीस गेले तेव्हा फॉक्स यांनी भेट दिलेली दुनळी त्यांच्याबरोबर होती. २०१० मध्ये ती लिलावात ८ लाख ६२ हजार ५०० डॉलरना गेली.

या बंदुकांपैकी एखादी माळव्यात आढळली तर सरकारी परीक्षेचा ठसा नाही म्हणून तिला बनावट समजू नये. इंग्लंडमध्ये १८६८ च्या कायद्याने प्रत्येक नळीची परीक्षा होऊन ठसा उमटविणे सक्तीचे होते. अमेरिकेत असा कायदा नव्हता, कारखाना स्वतःच परीक्षा घेई. ती बंदूक इंग्लंडमधील विक्रेत्यामार्फत आली असेल, तर बर्मिंगहॅमचा किंवा लंडनचा ठसा वरून पडलेला असावा. म्हणजे ठशावरून नुसती परीक्षा नव्हे, बंदुकीचा प्रवासमार्गही कळतो.

मूळपणाची पहिली कसोटी रंगाची. नळ्या आणि दस्ता यांना जोडणारा जो पोलादी भाग, ज्याला आपल्याकडचे कारागीर 'बॉडी' म्हणतात, तो पार्कर, फॉक्स, स्मिथ यांच्या कारखान्यांत हाडांचा व लाकडाचा कोळसा भरलेल्या पेटीत तापवून मग पाण्यात सोडीत. त्यामुळे पोलादाची वरची त्वचा कठीण होई आणि तिच्यावर निळा, तपकिरी, राखी, मधूनच पिवळट असे ढगाळ रंग उमटत. रंग शोभेसाठी नव्हते, कठीणपणाच्या प्रक्रियेत ते ओघाने येत. पण पुढे त्यांचीच शोभा मानली गेली. हे रंग अत्यंत नाजूक. उजेडाने आणि हाताच्या घामाने ते उडतात आणि खाली चांदीसारखी करडी छटा उरते. पन्नास-साठ वर्षे वापरलेल्या बंदुकीच्या बॉडीचा तळ, जिथे चालताना हात धरतो, तो करडा झालेला असावयाचाच. चापाच्या कड्याच्या आतली जागा, पेचांच्या भोवतालचे कोपरे, पुढच्या लाकडी हाताखाली झाकला जाणारा भाग, नळ्या मोडल्यावर दिसणारा सपाट पृष्ठभाग या आडोशाच्या ठिकाणी रंग शिल्लक राहतात. म्हणून रंग किती आहे यापेक्षा कोठे आहे हे पाहावे. जिथे हात लागतो तिथे आणि जिथे लागत नाही तिथे सारखाच तजेला दिसला, तर तो रंग मागाहूनचा आहे. सायनाइडच्या क्षारात बुडवून किंवा गॅसच्या ज्योतीने आणलेल्या रंगाचे रूपही वेगळे असते. त्यात ढग नसतात. वाघाच्या अंगावरचे असावेत तसे पट्टे उमटतात.

नळ्यांची गोष्ट याहून महत्त्वाची, कारण येथे प्रश्न केवळ दर्शनी रूपाचा राहत नाही. जुन्या दुनळीच्या दोन नळ्या आणि त्यांच्यामधील पट्ट्या कथिल-शिशाच्या मऊ डाखाने जोडलेल्या असतात. म्हणून कारखान्यात त्यांना रंग देण्याची रीत सावकाशीची होती : द्रावण लावून मुद्दाम बारीक तांब चढवावयाची, नळ्या उकळत्या पाण्यात घालावयाच्या, तारेच्या ब्रशाने हलकेच झाडावयाच्या, आणि हेच पुनःपुन्हा, कित्येक दिवस. त्यातून येणारा रंग निळसर काळा, मऊ, काहीसा मंद असतो. पुढे एकनळी रायफलींसाठी कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणाची झटपट रीत सर्वत्र रूढ झाली. हेच द्रावण दुनळीला लावले की ते डाख खाते, पट्टीखालच्या पोकळीत शिरून तेथेच राहते आणि आतून गंज धरत जातो. काही वर्षांनी पट्टी सुटते. तेव्हा शंभर वर्षांच्या दुनळीच्या नळ्या आरशासारख्या काळ्या चमकत असतील, तर तिचा केवळ मूळ रंग गेला असे नव्हे, तिच्या सांध्यांविषयीही शंका घ्यावयास हवी. अशा पट्टीवर नखाने किंवा लाकडी दांडीने हलकेच ठोकून पाहतात. घट्ट पट्टीचा नाद स्वच्छ येतो, सुटलेली भद्द वाजते.

डमास्कस नळ्यांवर तर आपल्याकडे फार अन्याय झाला आहे. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून सांधल्या की ही नळी तयार होई, आणि तेजाबाने तिच्यावरील वेलबुट्टीसारखे वळसे उठून दिसत. पार्करसारखे अमेरिकन कारखानेही अशा नळ्या प्रामुख्याने बेल्जियमहून आणवीत. ते वळसे डाग समजून घासून टाकलेल्या आणि वर सरसकट काळा रंग चढविलेल्या नळ्या मी एकाहून अधिक पाहिल्या आहेत. रंगाखाली नळी डमास्कसच राहते, याचे भान मात्र नव्या मालकाला राहत नाही, आणि तो तिच्यात आजचे धूररहित दारूचे जोरकस काडतूस भरावयास निघतो. या नळ्या मुख्यतः काळ्या दारूच्या काळातल्या. शिवाय जुन्या बंदुकांचे काडतुसाचे घर आजच्या ७० मिलिमीटर काडतुसापेक्षा पुष्कळदा आखूड असते. इंग्रजी ठशात 'नायट्रो प्रूफ' ही अक्षरे १८९६ च्या नियमांनंतर दिसू लागतात. ती नसतील तर, आणि असली तरीही, जाणकाराने मोजमाप केल्यावाचून अशी बंदूक भरू नये. येथे नवे रूप हे नुसते असत्य नाही, ते धोक्याचे आहे.

नळ्या कापल्या आहेत का, हे तोंडाकडून पाहावे. दोन्ही नळ्या मागे जाड आणि पुढे निमुळत्या होत जाऊन तोंडाशी एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या असतात. तोंडाशी त्यांच्यामध्ये फट दिसली आणि ती डाखाच्या गोळ्याने बुजविलेली असली, तर पुढचे दोन-चार इंच गेलेले आहेत. त्याबरोबर नळीच्या तोंडाची आकसही गेली. पूर्वी तोंडाला पोचा आला की गावचा कारागीर सरळ करवत लावी. आज १९५९ च्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणे परवान्यावाचून नळी आखूड करणे हा गुन्हा आहे.

लाकडाविषयी अधिक विस्तार नको. अक्रोडाचा दस्ता कारखान्यात लोखंडाशी भिडवताना केसभर उंच ठेवीत. वाळूकागदाने घासलेला दस्ता लोखंडाच्या कडेपेक्षा खाली जातो, बोट फिरवले तरी कळते. पकडीवरील जाळीची टोके वापराने बोथट होतात. दस्ता जुना, ओरखडे जुने आणि जाळी मात्र सुईसारखी टोकदार असेल तर ती पुन्हा कोरलेली आहे. एल. सी. स्मिथ बंदुकीत बाजूच्या पट्ट्यांच्या मागे लाकडाला चीर जाणे हा तिच्या रचनेचाच दोष. तिथे चीर नसणे हे भाग्य, आणि चीर लपविणारा जाड चकचकीत वार्निशचा थर हे संशयाचे कारण. पार्करच्या दस्त्याच्या टोकाला कठीण रबराची, कुत्र्याचे डोके कोरलेली पट्टी असते. उंची प्रतीत तिच्याऐवजी पोलादी चौकट असते. तिथे लाल रबराची गादी दिसली तर दस्ता कापला असण्याचा संभव धरून चालावे.

आणि पेच! मला स्वतःला सर्वांत विश्वासार्ह साक्षीदार वाटतात ते पेच. चांगल्या बंदुकीच्या पेचाची खाच अत्यंत बारीक असते आणि कारखान्यातून निघताना सर्व खाचा नळीच्या दिशेने एका रेषेत उभ्या असतात. ज्याने घाईने, जाड पेचकसाने बंदूक उघडली, त्याची सही त्या खाचेवर कायमची राहते. बफच्या चाकावर बॉडी धरली की पेचाच्या भोकाच्या कडा बशीसारख्या खोल होतात, कोरीव वेलींच्या रेषा उथळ होतात आणि अक्षरांची टोके पुसट होत एका बाजूला ओढल्यासारखी दिसतात. नवा रंग कितीही उत्तम असो, गेलेले लोखंड परत येत नाही. नळ्या उघडण्याची वरची कळ हाही असाच अबोल साक्षीदार. नव्या अमेरिकन बंदुकीत ती मध्यापासून थोडी उजवीकडे थांबते आणि आतील खटका झिजत जाईल तशी डावीकडे सरकते. रंग कोऱ्या बंदुकीचा आणि कळ मध्याच्या डावीकडे, अशी जोडी दिसली की सहसा निर्णयाला फार वेळ लागत नाही.

लबाडीचा एक वेगळा प्रकार अमेरिकेत आढळतो तो असा, की साध्या प्रतीच्या बंदुकीवर मागाहून पक्षी, कुत्रे आणि वेली कोरून ती उंची प्रतीची म्हणून विकतात. पार्करच्या साध्या प्रतीच्या पट्टीवर 'वल्कन स्टील' असे पोलादाचे नाव असते आणि नळ्यांखाली प्रतीचा ठसा असतो. कोरीव काम आणि ठसा यांचे जुळले नाही की बिंग फुटते. आपल्याकडे हा प्रकार होत नाही, कारण आपल्याकडे कोरणारे महाग आणि घासणारे स्वस्त.

येथे आपल्या परंपरेचा एक अवघड प्रश्न उभा राहतो. खंडेनवमीला हत्यारे उतरवून, राख, चिंच, लिंबू यांनी घासून, लखलखीत करून पूजेला मांडावयाची, हा आपला कुलाचार. गंजलेले हत्यार पूजेत ठेवणे हा आपल्या वाडवडिलांना अपराध वाटला असता. हत्यारे उजळणारा तो शिकलगार. फार्सी-अरबी 'सैकल', म्हणजे झळाळी, या शब्दावरूनच त्याचे नाव आले. धार, बडवानी, खरगोन या भागांत आजही सिकलीगरांची वस्ती आहे आणि त्यांचा मूळ पिढीजात व्यवसाय हाच. या दृष्टीने पाहता झळाळी म्हणजे निगा आणि मळकट रंग म्हणजे हेळसांड. अमेरिकन संग्राहक नेमके उलट म्हणतो : हात लावू नका, जीर्ण पण अस्सल असू द्या.

तलवारीच्या बाबतीत आपली परंपरा चुकीची नव्हती असे माझे मत आहे. मराठ्यांची 'फिरंग' घ्या. तिचे सरळ पाते युरोपातून आलेले, मूठ इकडची. पाते एका शतकाचे, मूठ दुसऱ्या शतकाची, आणि मधल्या काळात दोन-तीनदा पाणी आणि शिकल. काही इकडच्या पात्यांवर तर युरोपीय ठशांच्या नकलाही सापडतात. येथे 'कारखान्यातून निघाली तशी' या कसोटीला अर्थच नाही, कारण तलवार एकदाच घडून संपत नव्हती. ती वापरणाऱ्यांच्या हातांत घडत राहत होती. कारखान्यातील यंत्राची बंदूक वेगळी. तिचा एक जन्मदिवस आहे, जन्मनोंद आहे आणि तिच्या अंगावरचा प्रत्येक थर त्या नोंदीशी ताडून पाहता येतो. तलवारीचा कुलाचार बंदुकीला लावला की त्या ताडण्याची सोयच नाहीशी होते. पूजेला तेलाचे बोट पुरे. राख आणि चिंच तलवारीपुरती ठेवावी.

धारच्या लोकांना हे समजावून देण्यास दूर जावे लागत नाही. १४०५ च्या लाट मशिदीबाहेर ज्या लोहस्तंभाचे तीन तुकडे ओट्यावर ठेवलेले आहेत, त्याची एकूण लांबी तेरा मीटरांहून थोडी अधिक. त्या लोखंडावर जो काळपट तपकिरी पातळ थर आहे, त्यानेच ते शतकानुशतके उन्हापावसात टिकवले. १५९८ मध्ये दक्षिणेकडे जाताना येथे मुक्काम केलेल्या अकबराचा लेख त्यावर कोरलेला आहे. कोणी भाविकपणे तो स्तंभ बफच्या चाकाने चमकविला असता, तर संरक्षक थर गेला असता आणि लेखही गेला असता.

बंदुकीवरील लेख म्हणजे तिचा क्रमांक, आणि त्याच्या बाबतीत कायदा फार कठोर आहे. १९५९ च्या कायद्याचे कलम ८ सांगते की बंदुकीवरील नाव, क्रमांक किंवा ओळखीची कोणतीही खूण पुसणे, काढणे, बदलणे किंवा खोटी उमटविणे निषिद्ध आहे. आणि अशी खूण नसलेली बंदूक विकता येत नाही. दुरुस्तीही त्या कामाचा परवाना असलेल्या व्यक्तीकडूनच करून घ्यावी लागते. देवासच्या एका घराण्यातील बंदूक एका कारागिराने, त्यांनी न सांगता, दस्त्यापासून नळीच्या तोंडापर्यंत चमकवून दिली. नळीवरचा क्रमांकातला शेवटचा आकडा तीन की आठ, हे भिंगाखालीही ठरेना. परवान्यात आठ. पुढच्या नूतनीकरणाला ती बंदूक परवान्यातीलच आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी घरच्यांवर आली आणि वयोवृद्ध गृहस्थांना वर्षभर खेटे घालावे लागले. शेवटी पुढचा लाकडी हात सोडवून त्याखालील लोखंडावरचा क्रमांक पाहिला, तो शाबूत होता, आणि प्रकरण मिटले. दुनळीत क्रमांक एकाच ठिकाणी नसतो : नळ्यांच्या तळाशी, बॉडीवर आणि पुढच्या हाताच्या लोखंडावर तो स्वतंत्र उमटविलेला असतो; पार्करमध्ये चापाच्या कड्याच्या शेपटीवरही. हे सर्व क्रमांक जुळणे हा मूळपणाचा सर्वांत बळकट पुरावा, आणि नळ्यांवर एक व बॉडीवर दुसरा क्रमांक असेल तर दोन बंदुकांतून एक झाली आहे असे समजावे.

गेल्या काही वर्षांत हा विषय माळव्यातील घरांत तातडीचा झाला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार संपली आणि बंदुका कपाटात गेल्या. त्या तशाच पडून राहिल्या म्हणून पुष्कळांचे मूळ रंग वाचले, हेही खरे. निवडणूक आली की त्या ठाण्यात जमा होतात आणि पावसाळा लागला तर मालखान्यातून तांब घेऊन परततात. मग चमकविण्याचा मोह होतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवण्याची मर्यादा आली आणि वारशाने मिळालेल्या बंदुकांनाही ती लागू आहे. कोणती ठेवावी आणि कोणती द्यावी, हा निर्णय ज्यांनी केला त्यांच्यापैकी अनेकांनी चकचकीत ती ठेवली आणि मळकट ती दिली. माझ्या पाहण्यातील एका घरातून अशा रीतीने फिकट ढगाळ रंगाची, सर्व क्रमांक जुळणारी एल. सी. स्मिथ गेली आणि काळी चमकणारी, पट्टी सुटत चाललेली लिएजची बंदूक राहिली. त्या घराण्याच्या स्मृतीत ती स्मिथ 'पणजोबांची' होती. आता पणजोबांच्या नावावर दुसरीच बंदूक सांगितली जाते.

२०१६ च्या शस्त्र नियमांतील एक सोय वाचकांपैकी ज्यांचे वय झाले आहे त्यांनी लक्षात घ्यावी. परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा त्याने बंदूक पंचवीस वर्षे बाळगली, की तो हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करवू शकतो. हस्तांतरणाच्या वेळी बंदुकीची छायाचित्रे काढून ठेवावीत : नळ्यांचा तळ, बॉडीचे दोन्ही बाजूंचे पृष्ठ, पेचांच्या खाचा, पट्टीवरील अक्षरे, नळ्यांचे तोंड. दरबारच्या वेळची परवानगी, व्यापाऱ्याची पावती, चामड्याच्या पेटीच्या झाकणाआतील चिकटपट्टी यांपैकी जे असेल ते बंदुकीबरोबरच राहू द्यावे. पेटी जीर्ण झाली म्हणून फेकताना आतली ती पट्टी फेकली जाते, आणि ती बंदुकीपेक्षाही दुर्मिळ असते.

बंदूक अमेरिकन असेल तर याहून पुढे जाता येते. पार्करच्या जुन्या कारखान्याच्या विक्रीवह्या आणि मागणीवह्या बऱ्याच अंशी शिल्लक आहेत आणि तेथील पार्कर संग्राहकांची संघटना त्यांवरून शोधपत्र देते. एल. सी. स्मिथच्या नोंदी वायोमिंग राज्यातील कोडी येथील बफेलो बिल संग्रहालयात आहेत. नोंद सापडली तर बंदूक कोणत्या प्रतीची होती, नळ्या किती इंची होत्या आणि कोणत्या दिवशी कोणाकडे रवाना झाली, हे त्या पत्रात येते. नळ्या कापल्या असल्या तर त्याच आकड्यावरून ते उघड होते. पत्रासाठी त्यांना आपले कुळ, गाव किंवा संस्थान यांपैकी काहीच कळवावे लागत नाही. वर्णन आणि बंदुकीवरचा क्रमांक तेवढा स्वच्छ वाचता यावा लागतो.